तिले सांग

दौलतराव हर्रास बोलत असताना त्यांची वाचा गेली.

शेलूबाजारच्या धान्यबाजारात त्या सकाळी सोयाबीनचे ढीग लागले होते. दौलतराव स्वतः शेतकरी; पण आवाज असा, की तरुणपणापासून हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारायला त्यांनाच उभं करत. मूठभर दाणे तळहातावर घेऊन ते ढिगाच्या कडेला उभे राहायचे आणि त्यांचा आवाज हमरस्त्यावरच्या जीपवाल्यांपर्यंत पोचायचा. त्या दिवशी व्यापाऱ्यांचे आकडे थांबले, दौलतरावांनी "एक वार" म्हटलं, "दोन वार" म्हटलं, आणि पुढं तोंड नुसतंच हललं. लोकांना वाटलं, धूळ गेली घशात. मग मुठीतले दाणे सांडले आणि ते उजव्या अंगावर ढिगातच कलले.

अकोल्याच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांचा उजवा हात आणि पाय लुळा होता. समज शाबूत होती. समोरचा काय म्हणतो ते सगळं कळत होतं. बोलणं मात्र गेलं होतं. दोनच शब्द उरले होते. तहान लागली तरी "दोन वार". पाठ दुखली तरी "दोन वार". राग आला की तेच, पण ओरडून. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं. सवयीचा एखादा बोल तेवढा तोंडात राहून जातो. भेटायला येणारी माणसं पहिल्यांदा हसायची, मग त्यांच्या डोळ्यांकडं पाहून गप्प व्हायची.

घरात त्यांची बायको चतुराबाई, शेती पाहणारा मुलगा गणेश आणि धाकटी मुलगी योगिनी. योगिनीशी मात्र दौलतराव त्याआधीपासूनच बोलत नव्हते.

योगिनी पुण्याला एका कंपनीत होती. तयार झालेलं सॉफ्टवेअर तपासायचं, चुका शोधायच्या, हे तिचं काम. लग्न दौलतरावांनीच ठरवलं होतं. नवरा शिकलेला, घर चांगलं. पण तो हात उचलायचा. तिनं बराच काळ सोसलं आणि एक दिवस बॅग भरून शेलूबाजारला आली. दौलतरावांनी चार नातेवाईक बोलावले, तिला समोर बसवलं.

"जावयाले म्या समजावतो. तू वापस जाय," ते म्हणाले.

"बाबा, तो मारते मले."

"म्हून तं म्हनतो, समजावतो. दहा लोकाइत जबान देल्ली म्या. तीन वार झाल्यावर सौदा मोडत नसते, योगिनी."

"मी काय सोयाबीनचं पोतं हाय काय?"

माणसं खाली पाहू लागली. दौलतराव उठले आणि शेताकडं निघून गेले. त्यानंतर ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. घरातून हाकललं नाही, तिनं घरी बसून कंपनीचं काम सुरू केलं त्यालाही हरकत घेतली नाही. पण जे सांगायचं ते चतुराबाईंना सांगायचे. "तिले सांग, जेवून घे म्हना." "तिले सांग, पानी येऊन राह्यलं, कपडे काढ म्हना." योगिनी हाताच्या अंतरावर बसलेली असायची. सुरुवातीला चतुराबाई ते पुन्हा म्हणून दाखवायच्या. पुढं त्यांनी तेही सोडलं. योगिनीला वाटायचं, एखाद्या दिवशी विसरतील आणि सरळ बोलतील. राग तिलाही होता. तिनंही कधी पुढं होऊन हाक मारली नाही.

अशात लकवा मारला.

अकोल्याला बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी सांगितलं, की आठवड्यातून दोनदा आणलंत तर फरक पडेल. पण दौलतरावांना गाडीत घालून इतक्या लांब न्यायचं, परत आणायचं, हे जमेना. तेव्हा त्याच बाईंनी योगिनीला दुसरा मार्ग सुचवला. टॅबवर चित्रांची बटणं असतात. माणूस बटण दाबतो, टॅब त्याच्या वतीनं बोलतो. शोधता शोधता योगिनीला 'टोरी' सापडलं.

टोरी कुठल्या कंपनीचं नव्हतं. दूरदेशीच्या चार-पाच जणांनी ते फुरसतीत बनवलं होतं आणि सगळ्यांसाठी उघडं ठेवलं होतं. कुणीही घ्यावं, सुधारावं, आपल्या भाषेत आणावं. त्यासाठी एक संकेतस्थळ होतं. डावीकडं इंग्रजी वाक्य, उजवीकडं रिकामा चौकोन. ज्याला जमेल त्यानं चौकोन भरायचा. मराठीचे निम्म्याहून जास्त चौकोन रिकामेच होते. जे भरलेले होते त्यांतले काही कुणीतरी यंत्राकडून भरून घेतले असावेत. थंडी वाजणाऱ्या माणसासाठी "मी थंड आहे" असं लिहिलं होतं. पोट भरलेल्या माणसासाठी "मी पूर्ण आहे".

योगिनी दुपारी कंपनीचं काम आटोपलं की हे घेऊन बसायची. बटणांवरची वाक्यं होती, तसे टोरीचे स्वतःचे संदेशही होते: आवाज सापडला नाही, चित्र जतन झालं, बोलण्यासाठी काही नाही. तिला हे काम येत होतं. कंपनीत तिनं असे हजारो संदेश वाचले होते. थोड्याच दिवसांत मराठी पूर्ण झाली, आणि तिनं टॅब बापाच्या पलंगावर, डाव्या हाताला येईल असा मांडला.

चतुराबाईंनी दौलतरावांचं बोट धरून पाण्याच्या पेल्यावर टेकवलं. टॅब बोलला, "मला तहान लागली आहे."

दौलतरावांनी टॅबकडं पाहिलं. मग डाव्या हातानं तो असा लोटला, की पलंगावरून खालीच पडला.

"दोन वार!" ते ओरडले.

चतुराबाईंनी टॅब उचलून पदरानं पुसला. "हे कोन बोलून राह्यलं व? बातम्या देल्यावानी? तुहा बाप असा बोलते काय?"

योगिनीनं टॅब बंद केला. आई म्हणाली ते खरं होतं. ज्या माणसाची जीभ गेली होती त्याला तिनं दुसऱ्याच कुणाची जीभ लावली होती.

दुसऱ्या दिवसापासून तिनं सगळं पुन्हा लिहायला घेतलं, या वेळी वऱ्हाडीत. चतुराबाई निवडायच्या तुरीचं सूप मांडीवर घेऊन शेजारी बसायच्या. योगिनी इंग्रजी वाक्याचा अर्थ सांगायची आणि आई दौलतरावांच्या तोंडचं वाक्य सांगायची.

"कंटाळा आला, हे कसं म्हनतात बाबा?"

"कंटाळा कायचा? 'मले करमत नाही', असं म्हनतात."

"आन 'कृपया खिडकी बंद करा'?"

"कृपया?" चतुराबाईंना लकव्यानंतर पहिल्यांदाच हसू फुटलं. "तुह्या बापानं जिंदगीत कोनाले कृपया म्हनलं नाही. 'खिडकी लाव', बस्स."

अडचणीही होत्या. इंग्रजीत बाई आणि माणूस एकाच वाक्यात थकतात. इकडं एक थकला म्हणतो, दुसरी थकली म्हणते, आणि चौकोन एकच. योगिनीनं टोरी बनवणाऱ्यांना हे कळवलं, तेव्हा त्यांच्यातल्या एकानं बिचाऱ्यानं दोन चौकोनांची सोय करून दिली. काही वाक्यांत नावासाठी जागा सोडलेली होती. 'मले अमक्यासोबत बोलाचं हाय' हे त्यातलंच. घरातल्या माणसाच्या फोटोवर बोट ठेवलं की त्याचं नाव आपोआप त्या जागेत जाऊन बसायचं. सुटे शब्द मात्र पडद्यावरच्या पट्टीत जमायचे, आणि बोलण्याचं बटण दाबलं की टॅब ते म्हणायचा.

तिनं हे सगळं संकेतस्थळावर मराठीच्या जागी चढवलं. मराठीचं काम नाशिकच्या साक्षी पाहत होत्या. त्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात हे करायच्या. त्यांनी योगिनीची सगळी वाक्यं परत केली आणि खाली लिहिलं, 'मेहनत दिसते आहे, पण ही प्रमाण मराठी नाही. हे सांगलीच्या, रत्नागिरीच्या माणसालाही चाललं पाहिजे.'

योगिनीनं उत्तर लिहिलं, 'ऐकणाऱ्याला चालण्याचा प्रश्न नाही. बोलणाऱ्याला ते आपलं वाटलं पाहिजे. माझ्या वडलांनी टॅब फेकून दिला.'

दोन दिवस काही आलं नाही. मग साक्षींचा फोनच आला. आवाज थकलेला होता.

"तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण मराठीची यादी मी बदलू शकत नाही. 'मराठी, वऱ्हाडी' अशी वेगळी यादी उघडून देते. फक्त ती तुम्ही सांभाळायची. प्रत्येक नव्या आवृत्तीत नवे संदेश येतात. कुणी पाहिलं नाही तर यादी मरते. मागे एकांनी मालवणी सुरू केली होती. ज्या आजीसाठी केली होती त्या गेल्या, आणि यादी तशीच पडली आहे."

"मी सांभाळीन," योगिनी म्हणाली.

शब्द झाले, पण आवाज जमेना. टॅबमधला यंत्राचा आवाज वऱ्हाडी वाचताना अडखळायचा; 'हाय' तर असं म्हणायचा, जसा कुणी पाहुणा दारात उभा राहून हात हलवतोय. शेवटी योगिनीनं गणेशला पकडलं. गणेशचा आवाज बापासारखाच भरदार होता. गुरांचं कुटार, म्हणजे भुसा, भरून ठेवलेल्या खोलीत आवाज घुमत नव्हता, तिथं दोघं बसले. गणेश एकेक वाक्य म्हणायचा, ती ध्वनिमुद्रण करायची. "मले तहान लागली." "पाठ दुखून राह्यली." "बैलाले पानी पाजलं काय?" हे शेवटचं टोरीच्या यादीत नव्हतंच, गणेशनंच घातलं.

या वेळी दौलतरावांनी टॅब लोटला नाही. पेल्यावर बोट ठेवलं आणि "मले तहान लागली" ऐकलं. मग पुन्हा दाबलं. पाणी आणलं तरी दाबतच राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि बोट थांबत नव्हतं.

त्यानंतर घर जरा बदललं. पहाटे चहाची फर्माईश यायची. गणेश उशिरा शेतात निघाला की टॅब विचारायचा, "आता चालला काय?" शेजारचे म्हातारे येऊन बसायचे, दौलतराव शोधून शोधून बटणं दाबायचे आणि पाऊसपाण्याच्या दोन गोष्टी व्हायच्या. चतुराबाईंच्या फोटोवर तर दिवसातून कितीदा तरी बोट पडायचं. "मले चतुराबाईसोबत बोलाचं हाय." त्या लाजायच्या. उभ्या आयुष्यात नवऱ्यानं त्यांना नावानं हाक मारली नव्हती.

त्यांच्या फोटोखाली गणेशचा फोटो होता. त्याच्या शेजारी योगिनीचा. त्यावर दौलतरावांनी एकदाही बोट ठेवलं नाही.

चुकून होत नाही, हे तिला हळूहळू कळलं. ती खोलीत आली की ते टॅब बाजूला सरकवायचे. तिनं औषध दिलं तर घ्यायचे, पाठीला उशी लावली तर लावू द्यायचे, पण नजर भिंतीकडं. ती गेली की आतून गणेशच्या आवाजातलं बोलणं पुन्हा सुरू व्हायचं. एकदा ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. आतून "मीठ कमी हाय" असं ऐकू आलं. भाजी तिनंच केली होती. तिला वाटलं, निदान हे तरी मला म्हणता आलं असतं.

"त्याइचा सोभावच तसा," चतुराबाई म्हणाल्या. "तू मनावर नको घेऊ."

योगिनीनं ते मनावर घेतलं, आणि बरेच दिवस विचार केला. टोरीत बाप तिच्याशी बोलेल असं एकच वाक्य होतं, 'मले योगिनीसोबत बोलाचं हाय', आणि ते सरळ बोलण्याचं होतं. सरळ तर ते जीभ असतानाही बोलत नव्हते. त्यांची तिच्याशी बोलायची जी एकमेव रीत होती, ती तिनं टॅबमध्ये घातलीच नव्हती.

ती गणेशला पुन्हा कुटाराच्या खोलीत घेऊन गेली.

"दादा, एकच बोल. 'तिले सांग'."

गणेशनं तिच्याकडं पाहिलं. "हे म्या नाही बोलत."

"काहून?"

"काहून म्हंजे? दोन वर्सं ऐकत आलो म्या ते. तुले बरं वाटते काय? आता ते बंद झालं तं तू पुन्हा सुरू करून राह्यली."

"त्याइले तेच बोलता येते माह्याशी. बोल, दादा."

गणेशनं तोंड फिरवून, भिंतीकडं पाहत ते दोन शब्द म्हटले.

तिनं ते बटण चतुराबाईंच्या फोटोशेजारी लावलं. चित्र काय लावावं ते सुचेना, म्हणून चित्राविनाच ठेवलं. दौलतरावांना थोडं वाचता येत होतं. कुणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओट्यावर भांडी पुसत असताना आतून गणेशचा आवाज आला, "तिले सांग."

चतुराबाई पलंगाशी बसल्या होत्या. त्या दचकल्या. "अवो, काय म्हनलं?"

"तिले सांग."

योगिनी हातातलं ताट तसंच धरून खोलीच्या दाराशी आली. दौलतरावांनी तिच्याकडं पाहिलं. भिंतीकडं पाहिलं नाही. मग ते टॅबवर वाकले आणि शोधू लागले. खाण्याचं पान उघडलं, मिटलं. अंगाच्या दुखण्याचं उघडलं, मिटलं. शेताचं, घराचं, सणांचं. बोट एखाद्या चित्रावर थबकायचं आणि पुढं जायचं. 'घर' दाबलं आणि पुसलं. 'दुखते' दाबलं. तेही पुसलं. कपाळाला घाम आला होता.

"काय सांगू तिले?" चतुराबाई हळूच म्हणाल्या. "ते हे पाहा, हितंच उभी हाय."

"दोन वार," दौलतराव म्हणाले. ओरडले नाहीत. समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, एकेक अक्षर सुटं करून. "दोन... वार."

"हो बाबा," योगिनी म्हणाली. दोन वर्षांत तिनं त्यांना मारलेली ती पहिली हाक.

त्यांनी मान हलवली. हे नव्हतं म्हणायचं. पुन्हा पानं उलटली. शेवटी पट्टीवरचं सगळं पुसून टाकलं आणि बोलण्याचं बटण दाबलं. पट्टी रिकामी होती. अशा वेळी टोरी एक ठरलेला संदेश द्यायचं. योगिनीनंच तो केला होता आणि गणेशनं म्हटला होता.

"बोलाले काही नाही," टॅब म्हणाला.

दौलतराव टॅबकडं पाहत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले. ते बोट चुकून पडलं होतं, की तेच म्हणायचं होतं, हे कुणालाही सांगता आलं नसतं. योगिनी ताट ठेवायला गेली आणि न्हाणीघरात जाऊन रडली.

त्या दिवसापासून ती शब्द गोळा करत सुटली. बाप आपल्याला काय काय म्हणू शकेल, ते सगळं. 'चुकलं', 'माफ केलं', 'राहू दे'. 'पोटाले खात जाय'. तिथंच ती थांबली नाही. 'वापस जाय', 'नाक कापलं', 'तोंड दाखवू नको' हेही लिहिलं. चतुराबाईंनी ते ऐकलं तेव्हा त्यांनी तुरीचं सूप बाजूला आदळलं.

"असे बोल भरतात काय कोनी बापाच्या तोंडात?"

"नुसते चांगलेच भरले, माय, तं ते माह्यंच बोलनं होइन. त्याइचं नाही होनार."

गणेशनं निम्मी वाक्यं म्हणून दिली. निम्मी राहिली. सोंगणीचे, म्हणजे कापणीचे, दिवस होते, त्याला वेळ नव्हता, आणि त्यातली काही म्हणताना त्याची जीभ उचलत नव्हती. योगिनीनं घाई केली नाही. बाबा आता कुठं जातात, असं तिला वाटलं.

दुसरा झटका सकाळी अंघोळ घालताना आला. या वेळी डावा हातही गेला आणि "दोन वार"ही गेलं. अकोल्याला नेलं. योगिनीनं टॅब सोबत घेतला होता. तो पिशवीतच राहिला. पलंगाशी ती पाळीपाळीनं बसायची. एकदा त्यांनी डोळे उघडून तिच्याकडं पाहिलं. "बाबा, मी योगिनी," ती म्हणाली. त्यांनी डोळे मिटले. पुन्हा उघडले नाहीत.

तेरवी झाली, पाहुणे गेले. घर रिकामं झाल्यावर एका दुपारी योगिनीनं आईला विचारलं, "काय सांगाचं असन व त्याइले?"

"चांगलंच सांगाचं असन, असं म्हनू शकते मी," चतुराबाई म्हणाल्या. "तुले बरं वाटन. पन मले मालूम नाही, पोरी. चाळीस वर्सं संसार केला, पन त्याइच्या मनातलं मले कधी समजलं नाही."

पुढं साक्षींचा निरोप आला. टोरीची नवी आवृत्ती निघाली होती आणि भाषांच्या यादीत 'मराठी, वऱ्हाडी' दिसू लागली होती. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, 'वडील वापरतात ना?' योगिनीनं खरं ते कळवलं. उत्तर आलं त्यात एवढंच होतं, 'यादी बंद करायची असेल तर सांगा. कुणी काही म्हणणार नाही.'

तिनं बंदही केली नाही आणि उघडलीही नाही. नवे संदेश येऊन पडत गेले.

मंजू आली ती गणेशच्या ओळखीनं. जवळच्याच बंजारा तांड्यावरची ही बाई दरवर्षी सोंगणीला त्यांच्या शेतात यायची. तिचा बाप प्रेमसिंग, त्याचीही लकव्यानं वाचा गेली होती. "ताई, ते बोलनारं यंत्र हाय म्हनते तुमच्यापाशी," ती दारातच म्हणाली. "माह्या बाले पाह्यजे व थोडे दिवस."

योगिनीनं टॅब काढला. घरच्या माणसांचे फोटो पुसले, 'तिले सांग' पुसलं, आणि मंजूसोबत तांड्यावर गेली. प्रेमसिंग खाटेवर बसला होता. त्याची म्हातारी बायको कमलीबाई त्याला भरवत होती. योगिनीनं पेल्याचं चित्र दाबून दाखवलं. "मले तहान लागली," गणेशचा आवाज म्हणाला. प्रेमसिंगनं सभ्यपणे मान डोलावली आणि दुसरीकडं पाहिलं. योगिनीला ते पाहणं ओळखीचं वाटलं.

"ताई, हे तुमची बोली हाय," मंजू संकोचून म्हणाली. "शेतात, बाजारात आमी हेच बोलतो. पन घरात आमी गोरमाटी बोलतो. बा तं दुखलं-खुपलं सारं त्याच्यातच बोले." तिनं तेच वाक्य तिच्या बोलीत म्हणून दाखवलं. योगिनीला त्यातलं 'पानी' तेवढं कळलं.

तिनं साक्षींना आणखी एक यादी उघडायला सांगितली. मंजू कामावरून परतली की दोघी बसायच्या. मंजूला लिहिता येत होतं. ती सांगायची, योगिनी चौकोन भरायची, आणि मंजूचा भाऊ अमरदीप आवाज द्यायचा. पण वेळ थोडा होता. दिवाळी झाली की मंजू, तिचा नवरा आणि अमरदीप ऊसतोडीला जाणार होते. म्हातारा-म्हातारी तांड्यावर राहणार होती.

"जायच्या आधी काय काय व्हायला पाह्यजे?" योगिनीनं विचारलं.

मंजूनं पाणी सांगितलं, भूक सांगितली, लघवीला जायचं सांगितलं. मग म्हणाली, "'मलेही घेऊन चाल' हेही भरा." आणि लगेच तिनं योगिनीचा हात धरला. "नको, ताई. नका भरू. बा ते दाबन, आन मी कशी नेऊ त्याले उसाच्या फडात?"

"भरू दे, मंजू," योगिनी म्हणाली. "त्याले म्हनाचं ते त्याले म्हनू दे. 'नाही' म्हनाचं ते तू म्हन."

मंजूनं तिचा हात सोडला. मग तिनं अमरदीपला हाक मारली.

टोळी निघाली त्या सकाळी योगिनी तांड्यावर होती. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्यांची खुराडी चढत होती. प्रेमसिंगच्या मांडीवर टॅब होता. मंजू पाया पडायला आली तेव्हा त्यानं न चुकता ते बटण दाबलं. अमरदीपच्या आवाजात ते वाक्य अंगणात सगळ्यांनी ऐकलं. ट्रकवर चढलेल्या बायांनी वळून पाहिलं.

मंजू खाली बसली. बापाचा हात हातात घेऊन त्यांच्या बोलीत काहीतरी सांगत राहिली, बराच वेळ, न रडता. योगिनीला शब्द कळले नाहीत. प्रेमसिंगनं पुन्हा बटण दाबलं. मंजूनं पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं दाबलं नाही. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मानेनं ट्रककडं खुणावलं.

ट्रक गेल्यावर कमलीबाई चूल पेटवायला आत गेली. योगिनी खाटेच्या कडेला बसून राहिली. गोरमाटीचे पुष्कळ चौकोन अजून रिकामे होते, आणि आता सांगायला मंजू नव्हती, म्हणायला अमरदीप नव्हता. प्रेमसिंग रस्त्याकडं पाहत होता. उन्हं अंगणात आली तेव्हा तिनं खाट सावलीत ओढली आणि त्याला पाणी दिलं.